खोकल्यासरशी निसटते, पट्टी बसवावी का?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: वय ५१, डिचोली तालुक्यातलं गाव. तीन बाळंतपणं, तिन्ही नैसर्गिक. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. सात-आठ वर्षांपासून खोकताना, शिंकताना, पाण्याची बादली उचलताना लघवी निसटते. गेल्या दीडेक वर्षात त्रास फारच वाढला. चवथीच्या फुगडीच्या पथकात त्या पंधरा वर्षं होत्या. गेल्या वर्षी मध्येच थांबून घरी परतल्या, आणि यंदा 'गुडघे दुखतात' असं सांगून नाव काढून घेतलं. सोवळ्यात असताना थेंब गेला तरी पुन्हा आंघोळ, म्हणून आरतीला मागे उभ्या राहतात. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. रात्री दोनदा उठावं लागतं आणि कधी कधी न्हाणीघर गाठेपर्यंत धरवत नाही. दीड वर्षापासून रक्तदाबाची गोळी सुरू आहे. 'कोरडा खोकला तेव्हापासूनच मागे लागलाय' असंही लिहितात. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, 'पट्टी (मूत्रमार्गाखाली आधाराला घालायची जाळीदार फीत) बसवूया, अर्ध्या तासाचं काम आहे.' मुलीने नेटवर वाचलं की ही जाळी परदेशात बंद केली आहे. जाऊबाई म्हणतात, गर्भाची पिशवीच काढून टाक, सगळं एकदम सुटेल. महिनाभर व्यायाम केला, फरक पडला नाही. यजमानांना काही सांगितलेलं नाही. त्या विचारतात: पट्टी बसवून घेऊ, की या वयात असं व्हायचंच म्हणून गप्प बसू?

ताई,

पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही ओझरती लिहिली आहे. कोरडा खोकला रक्तदाबाच्या गोळीपासून सुरू झाला, ही ती ओळ. आधी त्या गोळीचं पाकीट हातात घ्या आणि औषधाचं नाव वाचा. नावाच्या शेवटी 'प्रिल' असेल, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल यांपैकी काही, तर खोकल्याचं कारण बहुधा तिथेच आहे. या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना घशात खवखव आणि सतत कोरडा खोकला लागतो, तो कफाच्या औषधांनी जात नाही. तुमचा त्रास वाढला तोही साधारण याच काळात. दिवसातून शंभरदा खोकणाऱ्या बाईची लघवी निसटली तर दोष एकट्या स्नायूंना कसा द्यायचा? गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. रक्तदाब वाढला तर त्याची किंमत फार मोठी आहे. ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांना खोकल्याचं सांगा. 'सार्टन'ने शेवट होणाऱ्या नावांच्या गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, रक्तदाब तसाच सांभाळतात आणि खोकला क्वचितच आणतात. गोळी बदलल्यावर खोकला जायला एक ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त.

पाकीट हातात आहेच तर आणखी दोन गोष्टी बघा. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थॅलिडोन. ती संध्याकाळी घेत असाल तर रात्रीचं उठणं वाढणारच. सकाळी घेता येईल का ते विचारा. आणि 'प्राझोसिन' असं नाव असेल तर तेही सांगा, कारण ते मूत्रमार्गाचा आवळ सैल करतं. तुमच्यासारख्या ज्या कोणी हे वाचत असतील त्यांनी शस्त्रक्रियेच्या गोष्टी करण्याआधी आपल्या गोळ्यांची अख्खी यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिनसारख्या, साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्यांनीही लघवीचं प्रमाण वाढतं.

आता मूळ त्रासाकडे येऊ. तुम्ही एकच तक्रार लिहिली आहे असं तुम्हाला वाटतं, पण त्या दोन आहेत.

पहिली: खोकला, शिंक, हसणं, बादली, फुगडी. पोटात जोर आला आणि त्याच क्षणी थोडी लघवी निसटली. डॉक्टर याला स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स म्हणतात. इथे 'स्ट्रेस' म्हणजे मनावरचा नव्हे, पोटातला ताण. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो आणि तो योनीच्या पुढच्या भिंतीवर टेकलेला असतो. पाटा घट्ट बसलेला असला की वरवंट्याखाली खोबरं चेपतं. पाट्याखाली उशी घातली तर सगळं नुसतं खाली दबतं आणि वाटण होत नाही. तसंच इथे. खोकल्याचा जोर वरून येतो तेव्हा खालचा आधार भक्कम असेल तर मूत्रमार्ग चेपून बंद होतो. बाळंतपणात ताणला गेलेला, पाळी गेल्यावर विरळ झालेला आधार मात्र खाली जातो आणि मार्ग उघडतो. फुगडीत तर सगळंच एकत्र येतं: गिरकीचा वेग, पायांचे ठोके आणि शेवटी जोराने सोडलेला 'फू'. तो 'फू' पोटात खोकल्याइतकाच दाब आणतो.

दुसरी: न्हाणीघर गाठेपर्यंत न धरवणं, रात्री दोनदा उठणं. इथे दोष आधाराचा नाही. मूत्राशय भरायच्या आधीच आखडू लागतं. पट्टी पहिल्या त्रासासाठी आहे. दुसऱ्यावर ती इलाज नाही, आणि काही जणींची ही घाई पट्टीनंतर वाढतेही. दोन्ही त्रास असणाऱ्या बाईला कोणी 'पट्टी बसवली की सगळं थांबेल' असं सांगितलं आणि नंतर रात्रीची धावपळ तशीच राहिली, तर तिला शस्त्रक्रिया फसली असंच वाटणार. म्हणून तुमच्यात कोणता त्रास किती आहे, हे ठरवणं आधी यायला हवं.

ते ठरवायचं साधन घरचंच आहे. एक प्लॅस्टिकचा मापाचा मग आणि वही. सलग तीन दिवस, त्यातला एक घरकामाचा आणि एक बाहेर जायचा, प्रत्येक वेळी किती वाजता गेलात, किती मिलिलिटर झाली, किती प्यायलात (चहा, पेज, सोलकढी सगळं धरून), आणि निसटली तेव्हा काय करत होतात ते लिहा. साधारण दिवसात सहा ते आठ वेळा, दर वेळी २०० ते ४०० मिलिलिटर, अशी नोंद आली तर मूत्राशयाची क्षमता ठीक आहे. दर वेळी ८०-१०० मिलिलिटरच होत असेल आणि तासातासाला जावं लागत असेल, तर दुसरा त्रास मोठा आहे. निसटण्याच्या नोंदींपुढे 'खोकला', 'बादली' हेच शब्द पुन्हा पुन्हा येत असतील तर पहिला. ही तीन दिवसांची वही डॉक्टरांना तुमच्या तोंडच्या वर्णनापेक्षा जास्त सांगेल.

पाणी न पिणं मात्र आजपासून सोडा. आपल्याकडच्या दमट उकाड्यात सकाळपासून कोरडं राहिलं की लघवी घट्ट आणि दाहक होते, त्याने घाई वाढते, बद्धकोष्ठ होतं, आणि शौचाला कुंथताना त्याच सैल आधारावर पुन्हा जोर पडतो. दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव हवाच; हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर तेवढंच. कमी करायचा तो संध्याकाळनंतरचा चहा. झोपण्याच्या दोन-तीन तास आधीपासून पाणी घोटघोटच.

दवाखान्यात काय व्हायला हवं तेही सांगतो, म्हणजे झालं की राहिलं हे तुम्हाला ताडता येईल. लघवीची तपासणी, जंतुसंसर्ग नाही ना हे पाहायला. रक्तातली साखर. मूत्राशय भरलेलं असताना खोकायला लावून निसटते का ते डोळ्यांनी पाहणं. लघवी करून आल्यावर आत किती उरली ते सोनोग्राफीत मोजणं. १०० मिलिलिटरच्या आत असेल तर चिंता नाही, जास्त उरत असेल तर पट्टीचा विचार फार सावधपणे करावा लागतो. अंग बाहेर येतंय का, ही तपासणी. युरोडायनॅमिक नावाची, नळ्या घालून दाब मोजायची तपासणी प्रत्येकीला लागत नाही. निव्वळ खोकल्यासरशी निसटणाऱ्या, बाकी सगळं ठीक असणाऱ्या बाईला तिचा विशेष फायदा नाही. तुमच्यासारखे दोन्ही त्रास असतील, आधी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा लघवी उरत असेल, तर ती करून घेणं शहाणपणाचं.

व्यायाम महिनाभर केला आणि फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिता. तो कसा केलात हे पत्रात नाही, आणि गोम बहुतेक वेळा तिथेच असते. ओटीपोटाच्या तळाचे हे स्नायू दिसत नाहीत, त्यामुळे कितीतरी जणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात. त्याने फायदा तर नाहीच, उलट नुकसान. आडवं पडून गुडघे उभे ठेवा, हातात छोटा आरसा धरा. पोटातला वारा अडवल्यासारखं आवळा आणि वर खेचा. योनी आणि गुदद्वार यांमधली जागा आत-वर जायला हवी; बाहेर फुगत असेल तर कृती उलटी होते आहे. ढुंगण, मांड्या, पोट सैल असू द्या, श्वास चालू ठेवा. जमेल तितके सेकंद धरा, सुरुवातीला तीन-चारच जमतील. वाढवत दहापर्यंत न्या. जेवढा वेळ धरलं तेवढाच वेळ सोडा. असं आठ ते दहा वेळा, त्यानंतर दहा झटपट आवळ्या. दिवसातून तीनदा. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने. लघवीची धार मध्ये अडवून सराव करू नका. ओळख पटवायला एकदा करून पाहिलं तर ठीक, रोज नको. आणि हे तीन महिने लागतं, एक नव्हे. शक्य असेल तर स्त्रीरोग विभागात किंवा फिजिओथेरपिस्टकडून बोटाने तपासून घ्या, म्हणजे योग्य स्नायू आवळला जातोय की नाही ते पहिल्याच दिवशी कळेल.

यातली एक युक्ती लगेच कामी येते. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं, बादली उचलायला वाकलात, की आधी आवळा, मग खोका. आवळ आधी, जोर नंतर. सवय लागली की हे आपोआप होतं.

घाईच्या त्रासासाठी मूत्राशयाला वळण लावायचं असतं. घाई आली की धावू नका. जागीच बसा, पाच-सहा झटपट आवळ्या द्या, लाट ओसरू द्या, मग चालत जा. दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवा. पाळी गेल्यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम घाई, कोरडेपणा आणि वारंवार होणारा संसर्ग कमी करू शकतं. ते डॉक्टरांना विचारा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर तसं आधी सांगायचं. वजन जास्त असेल तर तेही महत्त्वाचं: अमेरिकेतल्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जाड स्त्रियांचं वजन सरासरी ८ टक्के उतरलं, तेव्हा लघवी निसटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, ज्यांना नुसता सल्ला मिळाला त्यांचे २८ टक्क्यांनी.

तरीही व्यायाम हेच उत्तर आणि पट्टी म्हणजे पराभव, असं मी म्हणणार नाही. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र त्रासाच्या ४६० स्त्रियांवर झालेल्या, २०१३ साली छापून आलेल्या अभ्यासात वर्षाअखेर पट्टीच्या गटातल्या १०० पैकी ९१ जणींना बरं वाटलं, फिजिओथेरपीच्या गटात ६४ जणींना. व्यायामाने सुरुवात केलेल्या जवळजवळ निम्म्या जणींनी पुढे पट्टी बसवून घेतलीच. याचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे: उरलेल्या निम्म्या जणींवर सुरी चालवायची वेळ आली नाही. आपण त्यांतल्या कोणत्या, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता पट्टीबद्दल. ती पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याची विणलेली जाळीदार फीत असते, साधारण एक सेंटिमीटर रुंद. हर्नियाच्या जाळीचा आणि निळ्या प्रोलीन टाक्यांचा पदार्थ हाच. स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत घडवली. त्यांची मोठी कल्पना अशी की फीत मूत्राशयाच्या तोंडाशी घट्ट बांधायची नाही, मूत्रमार्गाच्या मध्यावर खाली सैल ठेवायची. एरवी ती काही करत नाही. खोकला आला की मूत्रमार्ग तिच्यावर चेपला जातो, बस.

शस्त्रक्रिया कमरेखालचा भाग बधिर करून होते. योनीच्या पुढच्या भिंतीवर, लघवीच्या छिद्रापासून सुमारे एक सेंटिमीटर आत, दीडेक सेंटिमीटरचा छेद घेतात. पुढे दोन पद्धती आहेत, टीव्हीटी आणि टीओटी. टीव्हीटी पद्धतीत दोन बाजूंनी सुया जांघेच्या हाडामागून वर नेऊन ओटीपोटावर, केसांच्या रेषेशी बाहेर काढतात. फीत इंग्रजी यू अक्षरासारखी बसते. सुई मूत्राशयातून तर गेली नाही ना, हे पाहायला दुर्बीण घालतातच. कोणी 'आम्ही दुर्बीण घालत नाही' म्हणालं तर टीव्हीटी तिथे करून घेऊ नका. टीओटी पद्धत फ्रान्सचे डॉ. देलोर्म यांनी २००१ साली मांडली. तिच्यात सुया जांघेच्या घडीतून जातात, फीत झोळीसारखी आडवी बसते. दोन्हींत फितीला टाके घालत नाहीत. ती आजूबाजूच्या पेशींच्या पकडीने राहते आणि काही आठवड्यांत तिच्या भोकांतून आपलं ऊतक वाढून ती पक्की होते. पुढे काढायची वेळ आली तर ती सहज का निघत नाही, याचं कारणही हेच.

दोन्ही पद्धतींचा निकाल जवळपास सारखा, फरक आहे तो होणाऱ्या त्रासांत. अमेरिकेत ५९७ स्त्रियांवर दोन्हींची तुलना करणाऱ्या २०१० सालच्या अभ्यासात वर्षाअखेर तपासणीत यश मिळालेल्या शंभरात ८१ टीव्हीटीच्या आणि ७८ टीओटीच्या. लघवी अडल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती टीव्हीटीत २.७ टक्के जणींना, टीओटीत एकीलाही नाही. जांघेत-मांडीत मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा मात्र टीओटीत ९.४ टक्के, टीव्हीटीत ४ टक्के. मूत्राशयाला सुई लागण्याचं प्रमाण टीव्हीटीत शंभरात चार-पाच, टीओटीत एकाहूनही कमी. वेळीच दिसलं तर सुई काढून पुन्हा घालतात आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, थोडे दिवस जास्त ठेवतात. फीत योनीत उघडी पडणं दोन्हींत शंभरात सुमारे दोन. तसं झालं तर स्राव, संबंधाच्या वेळी दुखणं, यजमानांना टोचणं ही लक्षणं असतात. तंबाखू, मशेरी आणि न आवरलेली साखर जखम नीट भरू देत नाहीत, म्हणून त्या दोन्हींचा बंदोबस्त आधी.

सर्वांत जास्त चुकतं ते ताणाच्या बाबतीत. 'एक थेंब गळता कामा नये' म्हणून फीत थोडी ओढून बसवली की लघवी अडते, धार बारीक होते, आत उरते, संसर्ग होतो. म्हणून मूत्रमार्ग आणि फीत यांच्यात कात्रीचं टोक जाईल इतकी जागा ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर कॅथेटर काढून तुम्हाला लघवी करायला लावतील आणि उरलेली मोजतील. ही मोजणी झाल्याशिवाय घरी येऊ नका. लघवी होतच नसेल तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत फीत किंचित सैल करता येते. नंतर ती कापावी लागते.

मुलीने वाचलं ते खोटं नाही, पण त्यात दोन वेगळ्या जाळ्या एकत्र झाल्या आहेत. बाहेर येणारं अंग सावरायला योनीमार्गे मोठी जाळी बसवत असत. अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०१९ मध्ये विक्री थांबवली ती त्या मोठ्या जाळीची. लघवीसाठीची अरुंद फीत तिथे चालू आहे. इंग्लंडमध्ये मात्र जुलै २०१८ पासून ही फीतसुद्धा सरसकट वापरणं थांबवलं आहे, आणि न्यूझीलंडने २०२३ साली तसंच केलं. ऑस्ट्रेलियाने २०१७ साली एकाच छेदातून बसवायच्या आखूड 'मिनी' फिती बंद केल्या, नेहमीच्या चालू ठेवल्या. इंग्लंडचा निर्णय उगाच घाबरून घेतलेला नव्हता. काही स्त्रियांना कायमची वेदना लागली, आणि त्यांना वर्षानुवर्षं 'तुमच्या मनाचे खेळ' म्हणून परत पाठवलं गेलं. २०२० सालच्या तिथल्या चौकशी अहवालात हे स्पष्ट नोंदवलं आहे. भारतात फीत वापरात आहे. मला याचा अर्थ असा दिसतो: बहुतेक जणींना ही फीत नीट लाभते, पण ज्या थोड्या जणींना लाभत नाही त्यांचा त्रास मोठा आणि निस्तरायला अवघड असतो. म्हणून ही निवड घाईत किंवा डोळे झाकून करायची नाही.

जाळी नकोच असं वाटत असेल तर पर्याय आहे, आणि तो तुम्हाला सांगितला गेला नसेल तर विचारा. आपल्याच पोटाच्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून तीच मूत्रमार्गाखाली आधाराला बसवतात. परकं काही आत राहत नाही. पण पोटावर सिझेरियनसारखा, जरा लहान छेद येतो, रुग्णालयात जास्त दिवस राहावं लागतं, आणि लघवी अडण्याची शक्यता फितीपेक्षा जास्त. मूत्रमार्गाच्या भिंतीत जेलचं इंजेक्शन हाही एक मार्ग आहे: सोपा, पण गुण कमी आणि पुन्हा द्यावं लागू शकतं.

पिशवी काढण्याबद्दल. जाऊबाई मायेनेच सांगतात, पण पिशवी काढल्याने लघवी थांबत नाही. पिशवीचा आणि मूत्रमार्गाच्या आधाराचा संबंध शेजाऱ्यासारखा. शेजारचं घर पाडून आपली भिंत सरळ होत नाही, उलट हादरते. पिशवी काढलेल्या काही जणींना हा त्रास नंतरच सुरू होतो. पिशवीत वेगळा आजार असेल किंवा अंग बाहेर येत असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र की टप्प्याने, ही चर्चा करावी.

'या वयात व्हायचंच' हे वाक्य तुम्ही कोणाचं तरी ऐकून स्वतःला सांगता आहात असं पत्र वाचताना वाटत राहिलं. ५१ हे वय आरतीला मागे उभं राहायचं नाही. आणि यजमानांना न सांगता ही शस्त्रक्रिया पार पडणार नाही: नंतर सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, म्हणजे भरलेली बादली नाही, सिलिंडर तर नाहीच, सहा आठवडे संबंध नाही, तळ्यात, नदीत, समुद्रात उतरणं नाही. पाणी दुसऱ्या कोणी तरी भरायला हवं. 'लघवी धरवत नाही, डॉक्टरांनी इलाज सांगितलाय, सहा आठवडे मला जड काम चालणार नाही' एवढ्या तीन वाक्यांत सांगा.

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) स्त्रीरोग आणि युरोलॉजी असे दोन्ही विभाग आहेत. दुसरं मत हवं असेल तर वही, गोळ्यांची यादी आणि आधीचे कागद घेऊन तिथे दाखवा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल (तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख) तर खाजगी रुग्णालयात तारीख घेण्याआधीच योजनेच्या खिडकीवर विचारा: ही शस्त्रक्रिया यादीत आहे का, आणि फितीची किंमत त्यात धरली आहे का. उत्तर कागदावर घ्या.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं ते असं. वर्षाला अशा किती करता? टीव्हीटी की टीओटी, आणि माझ्यासाठी तीच का? लघवी अडली किंवा फीत उघडी पडली तर ती तुम्ही काढता की दुसरीकडे पाठवता? माझी रात्रीची घाई याने जाईल का? शेवटच्या प्रश्नाला 'हो, नक्की' असं उत्तर आलं तर थोडं थांबा. फितीच्या खोक्यावर कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांक असलेला स्टिकर असतो. तो डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. दहा वर्षांनी काही त्रास झाला तर आत नेमकं काय आहे हे त्यावरूनच कळेल.

घरी आल्यावर लघवी अडली, ताप आला, लघवीत रक्त दिसू लागलं, पाय उचलता येईना किंवा मांडीतली कळ वाढत गेली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

आणि यंदाची चवथ? ती शस्त्रक्रियेसाठी गाठायची गरज नाही. आत्तापासून गोळी बदलणं, तीन महिने नीट व्यायाम, घाईचं वळण हे सुरू केलं तर चवथ मध्येच येईल. तेव्हा फुगडीला उभं राहण्याआधी मूत्राशय रिकामं करा आणि लघवीसाठी मिळतो तो पॅड लावा; पाळीचा पॅड पातळ लघवी तितक्या झटकन शोषत नाही आणि दमट हवेत कातडी सोलवटते. स्त्रीरोगतज्ज्ञ मूत्रमार्गाला आधार देणारी सिलिकॉनची रिंग, पेसरी, बसवून देऊ शकतात. ती तेवढ्या दिवसांपुरती वापरून काढता येते. पथकाला सध्या 'गुडघे बरे आहेत' एवढंच कळवा. दसऱ्याच्या सुमारास तीन महिने पूर्ण होतील. पुन्हा तीन दिवसांची वही लिहा आणि आजच्या वहीशेजारी ठेवून बघा. घाई कमी झाली, खोकला गेला, आणि तरी बादलीबरोबर निसटतच असेल, तर फीत तुमच्यासाठी योग्य आहे आणि ती घ्यायला कचरू नका. दिवाळीच्या आधी झाली तर पौषात धालोच्या, बायकांच्या नाचगाण्याच्या, मांडावर जाण्याआधी सहा आठवडे सहज उलटलेले असतील.